तेवीस ठिकाणं, नऊ दिवस आणि एक भाड्याची गाडी

मी बत्तीस वर्षं यॉर्कशायरमध्ये राहते. त्यातली सव्वीस पूल तपासण्यात गेली. म्हणजे गमबूट घालून कमानीखाली शिरायचं, टॉर्च मारायचा, तडा मागच्या वर्षीपेक्षा वाढलाय का ते बघायचं. निवृत्त झाल्यावर संपादकांनी वाचकांच्या प्रवासविषयक प्रश्नांना उत्तरं द्यायला सांगितलं, तेव्हाच त्यांना बजावलं होतं की मला रस्ते कळतात, हॉटेलं कळत नाहीत. या वेळी ब्रिटनचा जुना भाग गाडीने बघण्याबद्दल पत्रं मागवली होती. निम्म्या पत्रांत हॉटेलंच विचारली आहेत. ती बाजूला ठेवली.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. जूनमध्ये नऊ रात्री हाताशी आहेत. हीथ्रोला गाडी घेऊन एडिनबरोला सोडायची आहे. सोबत तेवीस ठिकाणांची यादी जोडली आहे. क्रम लावून द्याल का?
*– निवृत्त बँक अधिकारी, सांगली*

क्रम नाही, कात्री लावून देते. रागावू नका. तुमच्या यादीत कॉर्नवॉलचं टोक आणि लेक डिस्ट्रिक्ट एकाच दिवसात आहेत. नकाशावर ते वीतभर दिसतं, प्रत्यक्षात चारेकशे मैल आहे. लंडन ते एडिनबरो सरळ गेलात तरी तेवढंच भरतं. आणि इथलं अंतर मैलांनी मोजून उपयोग नसतो. मोटरवेवर तासाला साठ मैल सहज पडतात. तेच गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर पुढे एक ट्रॅक्टर आला की तीस.

माझ्या हिशेबाने असं करा. सॉल्झबरीला दोन रात्री, बाथला दोन, आयर्नब्रिजला एक, यॉर्कला दोन, रोमन काळातल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ एक आणि शेवटची एडिनबरोला. नऊ झाल्या. लंडन गाडीशिवाय बघा. तिथे गाडी म्हणजे कन्जेशन चार्ज, म्हणजे शहराच्या मध्यात गाडी आणायचा आकार, भरून मुंगीच्या पावलांनी सरकणं.

सॉल्झबरीत दोन रात्री कशाला, असं तुम्ही म्हणालच. एक स्टोनहेंजच्या प्राचीन दगडी रिंगणासाठी आणि एक कॅथीड्रलसाठी. त्या कॅथीड्रलचं शिखर १२३ मीटर, ब्रिटनमधलं सर्वांत उंच. आत मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेच्या, १२१५ सालच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे, तिच्यासमोर रांग असते. रांगेत जरूर उभे राहा. पण त्याआधी एका कोपऱ्यात एक लोखंडी सांगाडा दिसेल. गज, दातेरी चाकं, दोरावर लोंबणारे दगड. लोक त्याला वळसा घालून जातात. ते १३८६ च्या सुमाराचं घड्याळ आहे, जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या घड्याळांतलं एक. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. किती वाजले ते बघायचं नसायचंच, ऐकायचं असायचं. मी तिथे पाऊण तास उभी होते. माझा नवरा तेवढ्या वेळात कॅथीड्रल बघून, चहा पिऊन परत आला.

बाथ ते आयर्नब्रिज अडीच तास धरा, तिथून यॉर्क तीनेक तास. यॉर्कला गाडी पार्क अँड राइडला लावून बसने आत जा. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो, पण तिकिटाची बहुतेक ठिकाणं पाच-सहाला दार लावतात, त्यामुळे संध्याकाळ शहराच्या तटावरून चालायला ठेवा. तो फुकट आहे आणि अंधार पडेपर्यंत उघडा असतो. तिथल्या नावांत एक गंमत आहे. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता, कारण व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. आणि वेशीच्या दरवाजाला म्हणतात ‘बार’. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मिकलगेट बार ही पाटी वाचून म्हणाली, ‘एवढा मोठा दारूचा गुत्ता, आणि उघड्यावर?’

एक व्यवहाराचं. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडायचा आकार वेगळा लागतो आणि तो बराच असू शकतो. बुकिंग करतानाच विचारा.

प्रश्न : मी पुण्यात बावीस वर्षं गाडी चालवते आहे. तिथेही डावीकडूनच चालवायची असते. मग माझे यजमान एवढे का घाबरतात? नवीन काय शिकावं लागेल?
*– एक वाचक, पुणे*

पुण्यात बावीस वर्षं? मग भीती तुम्हाला नाही, इतरांना वाटायला हवी! गंमत केली. आपलं लायसन्स पर्यटकाला इथे बारा महिने चालतं, तेव्हा कागदपत्रांची काळजी नको. मूळ लायसन्स मात्र जवळ ठेवा.

विसरायच्या गोष्टी शिकायच्या गोष्टींपेक्षा जास्त आहेत. पहिली म्हणजे हेडलाइट. आपल्याकडे समोरच्याने लाइट मारला की अर्थ ‘मी येतोय, थांब’. इथे रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्ही या, मी थांबलोय’ असा उलटा. नियमाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, त्यामुळे समोरची गाडी खरंच थांबली आहे हे बघूनच पुढे व्हा. दुसरी गोष्ट हॉर्न. माझा हॉर्न चालतो की नाही, हे मला वार्षिक तपासणीच्या दिवशी कळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे राउंडअबाउट, आणि इथेच आपली माणसं अडकतात. उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. फट मिळेपर्यंत थांबायचं, नाक घालायचं नाही. आत शिरलात की मात्र थांबायचं नाही. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर आणखी एक फेरी मारा, कुणी काही म्हणत नाही. माझ्या मेहुण्यांनी एकदा चार प्रदक्षिणा घातल्या. मागच्या सीटवर माझी बहीण मोजत होती.

वेगमर्यादा मैलांत असतात हे पहिले दोन दिवस स्वतःला बजावत राहा. इंग्लंडमध्ये वस्तीत साधारण ३०, दुपदरी साध्या रस्त्यावर ६०, मोटरवेवर ७०. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीत बहुतेक ठिकाणी २०. सीमा ओलांडल्याचं पाटीआधी रस्ताच सांगतो, कारण डांबरावर पांढऱ्या अक्षरांत ‘आराव’ असं काहीतरी दिसू लागतं. वेल्श भाषेत त्याचा अर्थ ‘हळू’.

आणि अरुंद रस्ते. एकच गाडी मावेल एवढा रस्ता, मध्ये मध्ये बाजू द्यायला फुगवटे. फुगवटा तुमच्या डावीकडे असेल तर त्यात शिरायचं. उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला त्यात जाऊ द्यायचं. गेला की दोघांनीही हात वर करायचा. हात न करणाऱ्याबद्दल गावात दिवसभर बोललं जातं.

कॉर्नवॉलला जाल तर तिथल्या हिरव्या कुंपणांवर भरवसा ठेवू नका. वरून झुडपं आणि फुलं दिसतात, आत दगडी बांध असतो. बहिणीचं कुटुंब आलं तेव्हा आम्ही सात सीटांची गाडी भाड्याने घेतली होती. समोरून दुधाचा टँकर आला, मी प्रेमाने झुडपात सरकले, आणि डावीकडचा आरसा मुळापासून गेला. भाड्याच्या कंपनीने पुढे जे बिल पाठवलं ते वाचताना मला बसावं लागलं. विम्यात ‘एक्सेस’ नावाची एक रक्कम असते. तेवढं नुकसान आपल्या खिशातून. ती शून्यावर आणणारा वेगळा विमा निघण्याआधीच घ्या, काउंटरवर घेतला तर तोच महाग पडतो. आणि गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर गिअरची मिळू शकते.

प्रश्न : स्टोनहेंज की एव्हबरी? एकालाच वेळ आहे.
*– एक वाचक, ठाणे*

बरोबर लहान मुलं असतील तर एव्हबरी. स्टोनहेंजला गाडी दोन किलोमीटर लांब ठेवून त्यांच्या बसने जायचं आणि दोरीबाहेरून बघायचं. दगड भव्य आहेत, वाद नाही. त्यातले लहान निळसर दगड वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतून आणलेले, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्याही पलीकडून. मधला एक दगड तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्येकडचा निघाला, ते २०२४ मध्ये कळलं. शिवाय हा सगळा ठेवा १९१५ मध्ये चक्क लिलावात ६,६०० पौंडांना विकला गेला होता. घेणाऱ्या सेसिल चबने तीन वर्षांनी तो देशाला देऊन टाकला.

एव्हबरीत मात्र गावाचा काही भागच दगडांच्या रिंगणात वसलाय. मेंढ्या दगडांना अंग घासतात, तुम्हीही हात लावू शकता. पाहायला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे पडतात. तिथल्या एका दगडाखाली १९३८ मध्ये माणसाचा सांगाडा सापडला, जवळ कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी. बहुधा फिरता न्हावी. त्या दगडाला आजही बार्बर स्टोन म्हणतात.

प्रश्न : तुमच्या जुन्या लेखात वाचून आम्ही हेड्रियनच्या भिंतीवरचं सिकॅमोर गॅपचं झाड बघायला गेलो. झाड नाही! लिहिण्याआधी खात्री का करत नाही?
*– एक दांपत्य, नाशिक*

तुमचा राग बरोबर आहे. लेख झाड उभं असतानाचा होता, पण पुढच्या अंकात मी दुरुस्ती द्यायला हवी होती, ती राहिली. २८ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेआधी दोघांनी करवतीने ते कापलं. २०२५ मध्ये दोघांना प्रत्येकी चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. दोन टेकड्यांमधल्या खाचेत ते एकटंच उभं असायचं. त्याच्या बुंध्याला आता धुमारे फुटले आहेत, पण पूर्वीचं चित्र दिसायला आपल्यापैकी कुणी नसेल.

तरी तिथे जाऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. इसवी सन १२२ मध्ये काम सुरू झालेली ही भिंत ७३ मैलांची. हाउसस्टेड्सच्या ठाण्यात सैनिकांचं सामुदायिक शौचालय इतकं शाबूत आहे की पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं ते बोटाने दाखवता येतं. रोमन लोकांची सगळी महती मला त्या उतारात दिसते. वरच्या अंगाला टाकी, खालच्या अंगाला गटार, मध्ये वळसा. आमच्या खात्यातल्या कित्येकांना एवढा सरळ उतार साधला नसता.

जवळच विंडोलांडा हे आणखी एक रोमन ठाणं आहे, त्याचं तिकीट वेगळं. तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, १९७३ पासून. इसवी सन १०० च्या आसपास क्लॉडिया सेवेरा नावाच्या बाईने मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणं धाडलंय. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात. दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणालातरी मोजे आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचा हिशेब आहे. नॉर्थम्बरलंडमधली हवा तेव्हाही अशीच असणार.

तुम्ही ज्या बी ६३१८ रस्त्याने गेलात, तो सुरीसारखा सरळ का आहे माहीत आहे? १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या उठावात, सरकारी फौज न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेत पोचू शकली नाही, म्हणून नंतर लष्करी रस्ता बांधला. बराचसा भाग भिंत पाडून, तिच्याच पायावर. म्हणजे भिंत शोधत तुम्ही भिंतीवरूनच गाडी चालवत होता.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आईबाबांच्या सहलीत मला फक्त एक ठिकाण निवडायला दिलंय. मला इंजिनीअर व्हायचंय. कुठलं निवडू?
*– एक विद्यार्थिनी, औरंगाबाद*

आयर्नब्रिज. या पत्राची मी सहा महिने वाट बघत होते.

श्रॉपशरमध्ये सेव्हर्न नदीवर १७७९ मध्ये उभा राहिलेला हा जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. १ जानेवारी १७८१ ला वाहतुकीला खुला झाला. कमान तीसेक मीटरची, बिडाचं वजन ३७८ टन. जवळच्या कोलब्रुकडेलमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड वितळवलं होतं. हा पूल त्याच्या नातवाने ओतला. त्यापायी नातू जन्मभर कर्जात राहिला.

आता तू काय करायचंस ते ऐक. फोटो वरून काढतात सगळे. तू खाली नदीकाठाला उतर आणि वर बघ. तुकडे एकमेकांना कसे धरलेत? नटबोल्ट नाहीत, रिव्हेट नाहीत, वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि वरून ठोकलेली पाचर. सुताराने दार बनवावं तसा पूल! कारण लोखंडाचा एवढा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, तेव्हा हाताला जे जोड ठाऊक होते तेच त्यांनी लोखंडात उतरवले. मला कामाच्या पहिल्या वर्षी तिथे नेलं होतं. साहेबांनी विचारलं, यात चूक काय? मी म्हटलं, लोखंड गरजेपेक्षा फार जास्त वापरलंय. ते म्हणाले, बरोबर, म्हणूनच अजून उभा आहे.

तडे गेलेत, तेही शोध. जागोजागी जुन्या पट्ट्या मारलेल्या दिसतील. दोन्ही काठ हळूहळू आत सरकून कमानीला चेपत होते, म्हणून १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घातली. ती पाण्याखाली आहे, दिसत नाही, पण आज पूल तिच्यामुळे शाबूत आहे. आणि टोलनाक्यावरचा दरफलक वाचल्याशिवाय परत येऊ नकोस. त्यात लिहिलंय की सैनिक असो, टपालगाडी असो वा राजघराणं, टोल सगळ्यांना. आपल्याकडे टोलनाक्यावर सूट मिळालेल्यांची यादी वाचायला मिळते, तिथे उलट.

प्रश्न : मुलगी इतिहास शिकते. म्हणते, ‘तिकडचे किल्ले आपल्या पैशावर उभे आहेत, मी तिकीट काढून लूट बघणार नाही.’ तिला काय सांगू?
*– एक आई, सातारा*

काही सांगू नका, तिला पोविसला न्या. आयर्नब्रिजपासून तासाभरावर, वेल्समध्ये वेल्शपूलजवळ. लाल दगडाचा किल्ला, उतरत्या बागा, मोर. आत क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून आणलेल्या हजाराहून अधिक वस्तू. रॉबर्ट क्लाइव्ह स्वतः तिथे कधी राहिला नाही. १७७४ मध्ये तो वारला. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये पोविसच्या उमराव घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, आणि श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं तेव्हा हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. तिथे टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे, मुठीएवढं. आणि टिपूचा छापील सुती तंबू. हा तंबू घराण्याने पुढे बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून वापरला. मी ते वाचलं आणि पहिल्यांदा हसले. मग नाही हसू आलं. रागावायचं असेल तर वस्तूसमोर उभं राहून, तपशिलासकट रागवावं. घरी बसून रागावणं सोपं असतं.

हीथ्रोहून निघताना आणखी एक थांबा घ्या. ऑक्सफर्डशरमध्ये स्टोक रो नावाचं खेडं आहे. तिथे रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबांवर घुमट, घुमटाखाली सोनेरी हत्ती आणि हत्तीखाली विहीर. काशीच्या महाराजांनी, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी, बांधून दिलेली! एडवर्ड रीड नावाच्या कंपनी अधिकाऱ्याने हिंदुस्थानात १८३१ मध्ये एक विहीर खोदवली होती. आपल्या गावीही पाण्याची अशीच टंचाई आहे, घरातलं शेवटचं पाणी प्यायलेल्या पोराला आईने बदडताना पाहिलंय, हे त्याने महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १८६४ मध्ये विहीर खुली झाली. ३६८ फूट खोल, चार फूट रुंद, सगळी हाताने खोदलेली. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल तिच्यात उभं बुडेल. देखभालीच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बागही लावून दिली. तुमच्या मुलीला हे दोन्ही एकाच सहलीत दाखवा आणि परतल्यावर तिने काय म्हटलं ते मला कळवा. मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. खेड्यापाड्यांत उपाशी मरू का?
*– एक वाचक, अकोला*

नाही. भाजलेला अख्खा बटाटा, वर चीज किंवा बीन्स, जवळपास प्रत्येक चहाघरात मिळतो. चौथ्या दिवशी तो नकोसा होतो, तेव्हा मोठ्या गावात भारतीय जेवण शोधा. पबमध्ये मात्र घड्याळ सांभाळा: अनेक ठिकाणी दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते सहाला उघडतं. मधल्या वेळेत कितीही गोड बोललात तरी खारे दाणेच मिळतील. सोबत चटणी आणा.

प्रश्न : बाथला हॉटेल सोडल्यावर सामान गाडीत ठेवून दिवसभर फिरलं तर चालेल ना? ब्रिटनमध्ये चोऱ्या होत नाहीत म्हणतात.
*– एक वाचक, रत्नागिरी*

असं कोण म्हणतं? बॅगा हॉटेलातच ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. गाडीत काचेतून काहीही दिसता कामा नये, चार्जरची वायरसुद्धा नाही. चोरी झालीच तर तातडीची वेळ नसेल तेव्हा पोलिसांना १०१ वर फोन करा. जिवावरची वेळ असेल तर ९९९.

बाथमध्ये तर ही तक्रार फार जुनी आहे. तिथल्या रोमन स्नानगृहात ४६ अंशांचं गरम पाणी आजही रोज अकरा लाख लिटरहून जास्त येतं, त्या झऱ्याची देवी सुलिस मिनर्व्हा. अंघोळीला गेलेल्या माणसाचं काही चोरीला गेलं की तो शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप कोरायचा, पत्रा गुंडाळायचा आणि देवीच्या पाण्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत, काही तिथल्या संग्रहालयात काचेमागे मांडलेत. एक आहे डॉसिमेडिस नावाच्या माणसाचा. त्याचे दोन हातमोजे गेले होते. चोराची बुद्धी जावो आणि त्याचे डोळे देवीच्या देवळातच जावोत, असं त्याने मागितलंय. हातमोजे परत मिळाले की नाही, ते पत्र्यावर नाही.